आभासी चलन खात्याचे द्विघटक प्रमाणीकरण : गुप्त किल्लीची नोंद आणि जपणूक

सारांश

आभासी चलनाच्या खात्यात प्रवेश करताना संकेतशब्दाबरोबर आणखी एक स्वतंत्र पुरावा मागितला जातो, त्यास द्विघटक प्रमाणीकरण असे म्हणतात. भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा अंक हा या पुराव्याचा आज रूढ असलेला प्रकार होय. हे अंक कसे तयार होतात, लघुसंदेशाने येणाऱ्या ओटीपीपेक्षा ते कोणत्या बाबतीत सरस आहेत, ही व्यवस्था सुरू करण्याचा क्रम कोणता आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हे सहा अंक ज्या गुप्त किल्लीपासून निर्माण होतात तिच्या जपणुकीवर खात्याची सुरक्षितता अवलंबून असते. ही किल्ली खातेदारासमोर सामान्यतः एकदाच, जोडणीच्या वेळी येते. म्हणून जोडणीची ती दहा मिनिटे निर्णायक ठरतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : आभासी चलन, द्विघटक प्रमाणीकरण, ऑथेंटिकेटर ॲप, गुप्त किल्ली, ओटीपी, सायबर सुरक्षा.

१. प्रस्तावना

नाशिक आणि पैसा यांचा संबंध जुना आहे. नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत; त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी येथे नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संशोधन संस्था आहे. नाणे खरे की खोटे हे धातूवरून व ठशावरून ठरते. नोटेचा खरेपणा कागद, जलचिन्ह व सुरक्षा धागा यांवरून ओळखता येतो. आभासी चलनाला मात्र धातू नाही आणि कागदही नाही. तेथे मालकीचा पुरावा म्हणजे केवळ एक गुपित होय. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती मालमत्ता.

अंबडची औद्योगिक वसाहत, लगतचे सिडको आणि पाथर्डी फाट्याचा परिसर येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी काही जण कारखान्यात पाळीवर काम करून शिकतात. अशा तरुणांच्या भ्रमणध्वनीत बँकेच्या ॲपशेजारी आभासी चलनाचे ॲप असणे आता नवलाचे राहिलेले नाही. अध्यापकवर्गातही हे व्यवहार करणारे आहेत. आभासी चलनात गुंतवणूक करावी की करू नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ज्यांनी खाते उघडले आहे त्यांनी ते कसे राखावे, एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्दबातल ठरवले. १ एप्रिल २०२२ पासून या मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणाच्या रकमेवर १ टक्का करकपात सुरू झाली. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने आभासी चलनाचे व्यवहार करणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. असे असले तरी आभासी चलनास वैध चलनाचा दर्जा मिळालेला नाही. कर आहे, नोंदणी आहे, परंतु खातेदाराला मिळणारे संरक्षण तोकडे आहे, अशी ही स्थिती आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) ॲपआधारित द्विघटक प्रमाणीकरणाचे कार्यतत्त्व संगणकशास्त्रेतर शाखांतील अध्यापकांना समजेल अशा भाषेत मांडणे.
(आ) ते सुरू करण्याचा सुरक्षित क्रम सांगणे.
(इ) त्याच्या मर्यादा प्रत्यक्ष घटनांच्या आधारे स्पष्ट करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध तांत्रिक मानके, शासकीय आदेश आणि जाहीर झालेल्या घटना यांचा आधार घेतला आहे.

३. बँकेचे खाते आणि आभासी चलनाचे खाते

दोन्ही खाती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सारखीच दिसतात. शिल्लक, जमा, काढलेली रक्कम असे सर्व काही तेथे असते. या साम्यामुळे त्यांतील मूलभूत फरक नजरेआड होतो.

बँकेच्या खात्यातून परस्पर रक्कम गेली तर ग्राहकाच्या पाठीशी नियम उभे असतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाच्या कृत्यामुळे रक्कम गेली असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवले असेल, तर त्याच्यावर कोणतीही आर्थिक जबाबदारी येत नाही. तक्रारीची दखल न घेतली गेल्यास नोव्हेंबर २०२१ पासूनची एकात्मिक लोकपाल योजना आहे.

आभासी चलनाच्या बाबतीत यांपैकी काहीही लागू होत नाही. एक्सचेंजमधून चलन दुसऱ्याच्या पत्त्यावर गेले आणि साखळीत त्याची नोंद पक्की झाली की, तो व्यवहार उलटवणारी मध्यवर्ती यंत्रणाच अस्तित्वात नाही. चोराचा पत्ता पडद्यावर दिसत राहतो, त्यातील रक्कमही दिसते. परंतु ती परत आणण्याचा अधिकार कोणत्याही कारकुनाकडे वा अधिकाऱ्याकडे नसतो. कायद्यानुसार आभासी मालमत्तेतील तोटा इतर उत्पन्नातून वजाही करता येत नाही. म्हणून बँकेच्या खात्यात जो निष्काळजीपणा निभावून जातो, तो येथे कायमच्या हानीस कारण ठरतो. प्रवेशद्वारावरील बंदोबस्ताला येथे जे महत्त्व आहे, ते या कारणाने.

४. दुसरा घटक म्हणजे काय?

व्यक्तीची ओळख पटवण्याचे तीन प्रकार मानले जातात : तिला माहीत असलेली गोष्ट, उदाहरणार्थ संकेतशब्द, तिच्याजवळ असलेली वस्तू, उदाहरणार्थ भ्रमणध्वनी किंवा कार्ड, आणि तिच्या शरीराचा भाग असलेली खूण, उदाहरणार्थ बोटाचा ठसा. यांपैकी दोन भिन्न प्रकारचे पुरावे एकत्र मागणे म्हणजे द्विघटक प्रमाणीकरण होय. दोन संकेतशब्द मागितल्याने ते साध्य होत नाही, कारण ज्या मार्गाने पहिला चोरला जातो त्याच मार्गाने दुसराही जातो. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. त्या दोन वेगळ्या हातांत असतात म्हणूनच त्या व्यवस्थेला अर्थ असतो.

भारतीयांना या संकल्पनेचा परिचय बँकांमुळे झाला. ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून अतिरिक्त प्रमाणीकरण बंधनकारक केले. पुढे लघुसंदेशाने येणारा ओटीपी हाच या अतिरिक्त घटकाचा सर्वपरिचित प्रकार बनला, आणि ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य घरोघरी पोहोचले.

५. लघुसंदेशाच्या मर्यादा

लघुसंदेशाने आलेला ओटीपी भ्रमणध्वनीच्या यंत्राशी बांधलेला नसून सिमकार्डाच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. तो क्रमांक दुसऱ्या सिमकार्डावर चालू झाला की सर्व ओटीपी तिकडे जाऊ लागतात. यालाच सिम-अदलाबदल असे म्हणतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस मुंबईत माहीम येथील एका व्यावसायिकाच्या भ्रमणध्वनीवर रात्री अनेक अनुत्तरित कॉल आले, त्याचे सिमकार्ड बंद पडले आणि त्याच्या बँक खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये अनेक खात्यांत वळवले गेले. रक्कम बँकांमध्ये असल्याने तिचा काही भाग अडवता तरी आला. हीच रक्कम आभासी चलनात असती तर तेवढेही हाती लागणे कठीण होते.

दुसरी उणीव दूरध्वनी यंत्रणेतच आहे. जगभरातील दूरसंचार कंपन्या परस्परांशी ज्या जुन्या संकेतप्रणालीने जोडल्या आहेत, तिचा गैरवापर करून जर्मनीत जानेवारी २०१७ मध्ये ग्राहकांचे लघुसंदेश परस्पर वळवण्यात आले व त्यांची बँक खाती रिकामी करण्यात आली. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत लघुसंदेशाद्वारे होणाऱ्या प्रमाणीकरणास ‘मर्यादित’ श्रेणीत टाकले. भारतात दूरसंचार विनियामक प्राधिकरणाने १ जुलै २०२४ पासून, सिमकार्ड बदलल्यानंतर सात दिवसांच्या आत क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेण्यास प्रतिबंध केला आहे. हे उपाय स्वागतार्ह आहेत. परंतु ओटीपी सिमच्या मार्गाने येतो तोपर्यंत खात्याची किल्ली काही अंशी दूरसंचार कंपनीच्या गाळ्यावर बसलेल्या कर्मचाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून राहते.

लघुसंदेशाचा घटक निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. दुसरा घटक मुळीच नसण्यापेक्षा तो केव्हाही बरा. ॲपचा पर्याय उपलब्ध असताना मात्र त्यावर थांबू नये.

६. ॲपमधील अंक कसे तयार होतात?

ऑथेंटिकेटर ॲपला अंक बाहेरून कोणीही पाठवत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. भ्रमणध्वनीतील सिमकार्ड काढले, इंटरनेट बंद केले, तरी अंक बदलत राहतात. ॲप केवळ एक गणित करते आणि एक्सचेंजचा संगणक तेच गणित स्वतंत्रपणे करतो. दोघांची उत्तरे जुळली की प्रवेश मिळतो. या गणिताला दोन गोष्टी लागतात : दोघांनाच ठाऊक असलेली गुप्त किल्ली आणि दोघांनाही दिसणारे घड्याळ.

या पद्धतीची मानके इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने प्रसिद्ध केली आहेत. गणकावर आधारित पद्धतीचे मानक डिसेंबर २००५ मध्ये, तर वेळेवर आधारित पद्धतीचे मे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. गणिताचे टप्पे असे :

पहिला टप्पा वेळेचा. १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिच येथील मध्यरात्रीपासून, म्हणजे भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचपासून, किती सेकंद लोटले हे मोजले जाते व त्या संख्येला ३० ने भागले जाते. उदाहरणार्थ, १ जानेवारी २०२६ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच वाजता ही सेकंदसंख्या १,७६,७२,२५,६०० होती. तिला ३० ने भागता ५,८९,०७,५२० हा गणक मिळतो. पुढील तीस सेकंद हाच गणक राहतो आणि नंतर तो एकाने वाढतो.

दुसरा टप्पा मिश्रणाचा. हा गणक आणि गुप्त किल्ली एका कूटप्रक्रियेतून एकत्र दळली जातात. जात्यातून निघालेल्या पिठावरून मूळ दाणा पुन्हा घडवता येत नाही. तद्वतच या प्रक्रियेच्या उत्तरावरून किल्ली शोधून काढता येत नाही.

तिसरा टप्पा निवडीचा. मिळालेल्या १६० बिटांच्या उत्तरातून ठरावीक रीतीने ३१ बिटांची एक संख्या उचलली जाते आणि तिचे शेवटचे सहा अंक पडद्यावर दाखवले जातात.

गणक एकानेच वाढला तरी उत्तर संपूर्ण बदलते. मानकातच दिलेल्या उदाहरणात, १ ते ९ व ० हे अंक दोनदा लिहून झालेली वीस अंकांची किल्ली घेतली असता गणक १ साठी २८७०८२ आणि गणक २ साठी ३५९१५२ हे अंक येतात. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. सहा अंकांच्या दहा लाख शक्यता असतात. चुकीच्या प्रयत्नांची संख्या एक्सचेंजने मर्यादित ठेवली असेल तर केवळ अंदाजाने आत शिरणे जवळपास अशक्य होते.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. भ्रमणध्वनीचे घड्याळ चुकले तर अंक जुळणार नाहीत, म्हणून तारीख व वेळ स्वयंचलित ठेवावी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घड्याळ सर्वांनाच उपलब्ध असल्याने या व्यवस्थेत गुप्त अशी एकच वस्तू उरते, ती म्हणजे किल्ली. ती ज्याच्याजवळ असेल, तो खातेदाराच्या भ्रमणध्वनीला हातही न लावता यापुढील सर्व अंक आपल्या यंत्रावर पाहू शकतो. आणि ती खातेदाराजवळून हरवली तर तो स्वतःच परका ठरतो.

७. जोडणीचा क्रम

निरनिराळ्या एक्सचेंजच्या पडद्यांवरील शब्द वेगवेगळे असले तरी क्रम सर्वत्र सारखाच आहे.

(१) प्रथम ई-मेलचे खाते सुरक्षित करावे. एक्सचेंजचा संकेतशब्द विसरल्यास नवा संकेतशब्द ठरवण्याचा दुवा ई-मेलवर येतो. तेव्हा ई-मेल उघडे असेल तर पुढील दाराला कुलूप लावून उपयोग नाही. ई-मेल आणि एक्सचेंज यांचे संकेतशब्द वेगळे असावेत.

(२) ऑथेंटिकेटर ॲप अधिकृत ॲप भांडारातूनच घ्यावे. गूगल ऑथेंटिकेटर, मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर, एजिस ही परिचित नावे होत. तत्सम नावांची अनोळखी ॲप आढळतात, म्हणून निर्मात्याचे नाव तपासावे. भ्रमणध्वनीला पडद्याचे कुलूप असावे.

(३) एक्सचेंजचे संकेतस्थळ पत्ता स्वतः टंकून किंवा अधिकृत ॲपमधूनच उघडावे. जाहिरातीतील वा संदेशातील दुव्यावरून कधीही जाऊ नये. खात्याच्या सुरक्षा विभागात ऑथेंटिकेटर ॲपचा पर्याय निवडावा.

(४) आता पडद्यावर क्यूआर कोडची चौकट आणि तिच्यालगत इंग्रजी अक्षरे व अंक यांची एक ओळ दिसते. हीच गुप्त किल्ली होय. चौकटीत प्रामुख्याने तीच भरलेली असते. बहुतेक जण घाईने चौकट टिपतात आणि पुढे जातात. तसे न करता किल्ली प्रथम कागदावर शाईने, चार-चार अक्षरांचे गट पाडून, मोठ्या लिपीत लिहून घ्यावी. तिच्यात सामान्यतः ए ते झेड ही अक्षरे आणि २ ते ७ हेच अंक असतात. शून्य, एक व आठ हे ओ, आय, बी या अक्षरांसारखे दिसत असल्यामुळे वगळलेले आहेत. तेव्हा शून्यासारखे चिन्ह दिसल्यास ते ओ आहे असे समजावे. पडद्याचे छायाचित्र काढू नये, कारण अनेक भ्रमणध्वनींमधील छायाचित्रे आपोआप इंटरनेटवरील साठ्यात जातात.

(५) क्यूआर कोड टिपून ॲपमध्ये खाते जोडावे. त्यानंतर कागदाची परीक्षा घ्यावी. ॲपमध्ये आणखी एक नोंद करावी, मात्र या वेळी चौकट न टिपता कागदावरील किल्ली हाताने टंकावी. दोन्ही नोंदींखाली एकाच क्षणी तेच सहा अंक दिसले तर कागद बरोबर आहे. न दिसल्यास लिहिण्यात चूक झाली आहे. पडद्यावरील किल्ली दिसेनाशी होण्यापूर्वीच ती दुरुस्त करावी. परीक्षा झाल्यावर जादा नोंद काढून टाकावी.

(६) सहा अंक एक्सचेंजच्या रकान्यात भरून जोडणी पक्की करावी. एक्सचेंजने तातडीच्या वापराचे राखीव कोड दिल्यास तेही लिहून घ्यावेत.

(७) चालू सत्र बंद न करता दुसऱ्या ब्राउझरमधून किंवा यंत्रावरून प्रवेश करून पाहावा. काही चुकले असेल तर पहिले सत्र उघडे असल्याने दुरुस्ती शक्य असते.

(८) प्रवेशाबरोबरच चलन बाहेर पाठवण्यासाठीही ॲपचे अंक मागितले जातील अशी निवड करावी. ठरावीक पत्त्यांवरच चलन पाठवण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. लघुसंदेशाचा पर्याय बंद करता येत असेल तर तो बंद करावा. मागचे दार उघडे राहिल्यास पुढच्या दाराचा बंदोबस्त व्यर्थ ठरतो.

८. किल्लीची जपणूक

किल्ली हा या व्यवस्थेचा गाभा असल्याचे दोन घटनांवरून दिसते. मार्च २०११ मध्ये अमेरिकेतील आरएसए या कंपनीच्या संगणकांत घुसखोरी झाली. ही कंपनी बदलते अंक दाखवणारी छोटी यंत्रे जगभरातील संस्थांना पुरवत असे. ग्राहकांच्या हातातील यंत्रे जागच्या जागी होती. परंतु या यंत्रणेसंबंधीची गोपनीय माहिती चोरीस गेल्यामुळे त्यांवरील विश्वास उडाला आणि कंपनीला यंत्रे बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली.

दुसरी घटना आभासी चलनाशी थेट संबंधित आहे. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल २०२३ पासून किल्ल्या गूगल खात्यात साठवण्याची सोय आली. भ्रमणध्वनी हरवल्यास ती उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु ऑगस्ट २०२३ मध्ये रिटूल या अमेरिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला बनावट संदेश व परिचिताच्या आवाजाची नक्कल केलेला दूरध्वनी यांच्या साहाय्याने फसवण्यात आले. त्याचे गूगल खाते हल्लेखोराच्या हाती जाताच त्यात साठवलेल्या सर्व किल्ल्याही गेल्या, आणि कंपनीच्या २७ ग्राहकांच्या खात्यांत शिरकाव झाला. हे सर्व ग्राहक आभासी चलन क्षेत्रातील होते. किल्ल्या एका खात्यात ठेवल्या की त्या खात्याचा संकेतशब्द हाच एकमेव घटक उरतो, असा याचा बोध आहे. ज्यांना ही सोय वापरायची असेल त्यांनी निदान ते खाते स्वतंत्र घटकाने राखावे.

सामान्य खातेदारासाठी कागद हा आजही सर्वांत भरवशाचा साठा आहे. त्याच्या दोन प्रती कराव्यात. एक घरात, सातबारा उतारा, विमापत्र अशा कागदपत्रांबरोबर पाकिटात; दुसरी अन्यत्र, शक्य असल्यास बँकेच्या लॉकरमध्ये. पाकिटावर एक्सचेंजचे नाव व तारीख असावी, संकेतशब्द मात्र त्यात ठेवू नये. खातेदाराच्या पश्चात ही मालमत्ता आहे हेच कुटुंबाला ठाऊक नसते, ही अडचणही येथे विचारात घ्यावी. असे खाते आहे आणि त्याचे पाकीट अमुक ठिकाणी आहे, एवढे घरातील एका विश्वासू व्यक्तीला माहीत असावे.

भ्रमणध्वनी हरवल्यास कागदावरील किल्ली नव्या यंत्रातील ॲपमध्ये टंकावी. अंक पूर्ववत येऊ लागतात. त्यानंतर एक्सचेंजवर ही व्यवस्था एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी, म्हणजे नवी किल्ली मिळेल व हरवलेल्या यंत्रातील जुनी निरुपयोगी होईल. कागद दुसऱ्याच्या नजरेस पडल्यास हेच करावे. जुना भ्रमणध्वनी विकण्यापूर्वी नव्यात किल्ल्या आल्याची खात्री करणे अगत्याचे आहे.

कागदच नसेल तर एक्सचेंजच्या साहाय्य कक्षाकडे ओळखपत्रांसह अर्ज करून वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. अशा अगतिक अवस्थेत अनेक जण इंटरनेटवर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधतात आणि बनावट क्रमांकाच्या जाळ्यात सापडतात. साहाय्य केवळ अधिकृत ॲपमधूनच मागावे.

९. मर्यादा

ॲपआधारित घटक पुढील तीन प्रसंगी अपुरा पडतो.

पहिला प्रसंग फिशिंगचा. हुबेहूब नकली संकेतस्थळावर खातेदाराने संकेतशब्द व सहा अंक भरले, तर हल्लेखोर ते अंक तीस सेकंदांच्या आत खऱ्या संकेतस्थळावर वापरू शकतो. अंक कोणत्या संकेतस्थळावर भरले जात आहेत हे ॲपला कळत नाही. दूरस्थ पडदा दाखवणारी ॲप सुरू करण्यास भाग पाडूनही हेच साधले जाते. ‘पासकी’ व सुरक्षा किल्लीची भौतिक उपकरणे संकेतस्थळाचा पत्ता स्वतः पडताळतात. म्हणून एक्सचेंज ती स्वीकारत असेल तर ती अधिक श्रेयस्कर होत.

दुसरा प्रसंग खुद्द एक्सचेंजवरील हल्ल्याचा. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईस्थित वझीरएक्स या एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याचे चलन गेले. या वॉलेटमधून चलन पाठवण्यास अनेक स्वाक्षऱ्यांची अट होती. कंपनीच्या निवेदनानुसार, स्वाक्षरी करणाऱ्यांना पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्षात स्वाक्षरी झालेला व्यवहार यांत तफावत होती. ग्राहकांचे व्यवहार ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे सव्वा वर्षानंतर, पुन्हा सुरू झाले. १९ जुलै २०२५ रोजी कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या एक्सचेंजमधून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ही रक्कम कंपनीच्या स्वतःच्या खात्यातील असून ग्राहकांचे चलन सुरक्षित असल्याचे कंपनीने जाहीर केले. या दोन्ही घटनांत ग्राहकाने आपल्या दाराला लावलेले कुलूप चोराच्या वाटेत आलेच नाही.

तिसरा प्रसंग योजनाच फसवी असण्याचा. पुण्यात २०१८ मध्ये गुन्हा दाखल झालेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात लोकांनी दरमहा ठरावीक परताव्याच्या आमिषाने स्वतःहून बिटकॉइन दिले होते. दाता स्वतःच दार उघडतो तेव्हा प्रमाणीकरणाचा प्रश्नच उरत नाही.

फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करावी, तसेच एक्सचेंजला कळवून खाते गोठवून घ्यावे. चलन दुसऱ्या एखाद्या एक्सचेंजवर पोहोचले असेल तरच ते अडवण्याची संधी असते, आणि ती अल्पकाळ टिकते.

१०. अध्यापकांची भूमिका

वर उल्लेखिलेली जोडणी केवळ आभासी चलनापुरती नाही. ई-मेल, समाजमाध्यमे, संशोधनविषयक खाती यांनाही तीच पद्धत लागू आहे. अध्यापकाने ती प्रथम आपल्या ई-मेलवर करून पाहावी. कागदाची परीक्षा घेण्याची कृती एकदा हाताखालून गेली की ती विद्यार्थ्यांना समजावून देण्यास एक तासिका पुरते. गणित, संगणकशास्त्र, वाणिज्य व विधी या शाखांना यात अध्यापनाचा स्वतंत्र विषयही मिळतो. एक पथ्य मात्र पाळावे. प्रात्यक्षिकाच्या वेळी विद्यार्थ्याची किल्ली आपल्या यंत्रावर टिपू नये व कोणाचीही किल्ली फळ्यावर लिहू नये. त्यासाठी मानकातील उदाहरणाची किल्ली पुरेशी आहे.

११. निष्कर्ष

(१) आभासी चलनाचा व्यवहार उलटवता येत नसल्याने व बँक ग्राहकास मिळणारे संरक्षण तेथे नसल्याने खातेदाराच्या स्वतःच्या दक्षतेला पर्याय नाही.

(२) लघुसंदेशाचा ओटीपी सिमकार्डावर अवलंबून असतो. ॲपमधील अंक किल्ली व वेळ यांवर अवलंबून असतात. म्हणून दुसरी पद्धती अधिक सुरक्षित आहे.

(३) किल्ली चोरीस गेल्यास चोर आत येतो आणि ती हरवल्यास मालक बाहेर राहतो. दोन्ही धोक्यांचा बंदोबस्त जोडणीच्या वेळीच करावा लागतो.

(४) किल्ली हाताने लिहिणे, तिची परीक्षा घेणे व दोन ठिकाणी जपणे ही या व्यवस्थेची अविभाज्य अंगे मानावीत. ज्यांनी यापूर्वीच केवळ चौकट टिपून जोडणी केली आहे, त्यांनी खात्यात प्रवेश असेपर्यंत ती एकदा बंद करून वरील क्रमाने पुन्हा करावी.